निराधार अपंगांस घर कसें मिळेल?

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. धडधाकट, मिळवत्या आणि चार नातलग असलेल्या माणसालाहि घर उभें करतांना किती खस्ता खाव्या लागतात, हें त्या म्हणींत सांगितलें आहे. मग ज्याचे पाय चालत नाहींत, ज्याला दिसत नाहीं, किंवा ज्याचें मन आजारानें विस्कटून गेलें आहे, आणि त्यांतहि ज्याला आपलें म्हणावें असें कोणी उरलेलें नाहीं, अशा मनुष्यानें घर कसें मिळवावें? ह्या प्रश्नाचा विचार आपल्या विद्यार्थ्यांनीं करावा, म्हणून हा लेख लिहिला आहे. हा प्रश्न केवळ दयेचा आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु तो दयेइतकाच व्यवस्थेचाहि आहे. आणि दया उपजत असली तरी व्यवस्था ही शिकावी लागते.

आपलें ओझर हें मुंबई-आग्रा महामार्गावरचें, बाणगंगेच्या कांठचें गांव. विमानांच्या कारखान्यामुळें आणि द्राक्षांच्या मळ्यांमुळें येथें सर्व दिशांचीं माणसें येतात. मार्गशीर्षांत चंपाषष्ठीस खंडेरायाची यात्रा भरते, तेव्हां तर पाय ठेवावयास जागा नसते. यात्रा संपली कीं पाळणे उतरतात, दुकानदार पालें गुंडाळून पुढच्या गांवीं निघून जातात; पण ज्याला जावयास ठिकाणच नाहीं तो मागें राहतो. महामार्गाच्या कडेला, बंद दुकानाच्या ओट्यावर, देवळाच्या पायरीशीं असा एखादा मनुष्य आपण सर्वांनींच पाहिलेला आहे. त्याच्यापुढें कोणी भाकर ठेवितो, कोणी जुनी घोंगडी टाकितो. हें चांगलेंच आहे. परंतु दुसऱ्या दिवशीं तो त्याच ओट्यावर असतो, आणि थंडी मात्र वाढलेली असते.

हे लोक आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्याच जनगणनेंत आपल्या राज्यांत दोन लाखांहून अधिक माणसें बेघर आढळलीं. ह्या दोन आंकड्यांची जेथें गांठ पडते, तेथें आपला विषय सुरू होतो. अपंगत्व म्हणजे केवळ लंगडेपण किंवा अंधत्व नव्हे, हेंहि येथें सांगावयास पाहिजे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार मानलेले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें ते एकवीस केले. त्यांत दीर्घकालीन मनोविकार आहे, बौद्धिक अपंगत्व आहे, आणि कुष्ठरोगांतून बरे झालेले परंतु हातापायांस व्यंग राहिलेले लोकहि आहेत.

अपंगत्व आणि बेघरपणा हीं एकमेकांस हात धरून आणतात. बांधकामावरचा एखादा मजूर पराण्यावरून पडतो आणि त्याचा कणा मोडतो. त्याची मजुरी थांबते, भाडें थकतें, खोली जाते. कांहीं दिवस भाऊबंद सांभाळतात, पुढें तेहि थकतात, आणि तो रस्त्यावर येतो. उलट, जो मुळांत धडधाकट असूनहि रस्त्यावर निजतो, त्याची जखम चिघळते, त्याला वाहनाचा धक्का लागतो, किंवा सततच्या उपासमारीनें व भीतीनें त्याचें मन बिघडतें. आणि थोड्याच वर्षांत तोहि अपंग होतो.

ह्याहून बळकट असा आणखी एक फेरा आहे, तो कागदांचा. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यांत १९८० सालापासून आहे. तिचा लाभ घ्यावयाचा तर अपंगत्वाचा दाखला आणि राज्यांतील रहिवासाचा पुरावा लागतो. दाखल्यासाठीं ओळखपत्र हवें. ओळखपत्रासाठीं पत्ता हवा. पत्त्यासाठीं घर हवें. आणि घरासाठीं तेंच अनुदान हवें! ज्याला घर नाहीं त्याला पत्ता नाहीं, आणि ज्याला पत्ता नाहीं त्याची सरकारदरबारीं ओळख नाहीं. हा फेरा आंतल्या माणसाला तोडतां येत नाहीं. बाहेरून कोणी तरी हात द्यावा लागतो.

आपल्या प्रांतांत हा हात आजवर कसकसा दिला गेला, हें पाहिल्यास पुढचा मार्ग दिसूं लागेल. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांसाठीं १८९० सालीं तेथील म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ ह्यांच्या पुढाकारानें माटुंग्यास एक आश्रयस्थान उघडण्यांत आलें. पुढें १८९८ च्या कायद्यानें निर्धन कुष्ठरोग्यांस पकडून अशा आश्रयस्थानांत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. तेथें अन्न मिळालें, वस्त्र मिळालें, औषधपाणी झालें, आणि अनेकांचें मरण सुखाचें झालें, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु त्या कायद्याचा मुख्य हेतु रोग्यास घर देण्याचा नव्हता. रोगी शहराच्या नजरेआड असावा, हा होता. त्या उत्तरांत छप्पर होतें, पण त्याभोंवतीं भिंत होती आणि दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातीं होती.

ह्याच काळांत एक निराळें उत्तरहि आकारास येत होतें. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगांव येथील मुक्ति सदनांत शेंकडों निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा दिला. त्यांत अंध स्त्रियाहि होत्या. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ह्यांनीं त्यांस ब्रेल लिपि शिकविली, आणि त्यांच्या हातांस काम दिलें. अंध स्त्री म्हणजे एका कोपऱ्यांत बसवून जेवूं घालण्याचें माणूस, ही समजूत तेथें मोडली.

ही गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली ती चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, वरोऱ्याजवळ. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे ह्यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली, आणि १९५१ सालीं विनोबा भावे ह्यांच्या हस्तें आनंदवनाचा आरंभ झाला. सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा एवढेंच त्या वेळचें भांडवल होतें, असें सांगतात. जमीन खडकाळ, भोंवतीं जंगल. ज्यांचीं बोटें झडलीं होतीं त्यांनींच विहीर खणली, शेत पिकविलें, भिंती उभारल्या. पुढें तेथें हातमाग आले, छापखाना आला, अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा आल्या. इतकेंच नव्हे, तर आसपासच्या गांवच्या धडधाकट मुलांसाठीं महाविद्यालयहि निघालें. भीक मनुष्यास दुबळें करते आणि काम त्यास उभें करतें, हें बाबांचें सूत्र होतें. आनंदवनांत आलेला मनुष्य रोगी म्हणून आला, पण राहिला तो रहिवासी म्हणून, संसारी म्हणून.

येथें एक सूक्ष्म गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. आनंदवन जंगलांत वसलें, कारण गांवानें ह्या लोकांना आपल्यांत घेतलें नव्हतें. १९८० नंतर बहुविध औषधोपचार सुरू झाल्यापासून कुष्ठरोग पुरता बरा होतो. ज्याचा रोग बरा झाला त्यानें जन्मभर निराळ्याच गांवांत कां राहावें? म्हणजे ज्या दाराशीं आनंदवनाचें काम संपतें, त्या दाराच्या बाहेर आपलें, म्हणजे सामान्य गांवकऱ्यांचें, काम सुरू होतें.

अपंग मुलांच्या बाबतींत अडचण वयाची आहे. अनाथ बालकांच्या संगोपनाचा कायदा १८ वर्षांपर्यंतचा आहे. त्यानंतर कांहीं थोडीं वर्षें देखभालीची सोय असते. धडधाकट मूल तेवढ्यांत आपल्या पायांवर उभें राहूं शकतें. पण ज्याची बुद्धि चार वर्षांच्या मुलाएवढीच राहिली आहे, किंवा ज्याला उठूनहि बसतां येत नाहीं, त्यानें वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीं कोठें जावें? अमरावती जिल्ह्यांत अचलपूर तालुक्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर ह्यांनीं अशा १२३ मुलांना आपलें नांव लावून बापाची जागा घेतली. वयाची मर्यादा ओलांडल्यावर ह्या मुलांना बाहेर काढूं नये, त्यांचें पुनर्वसन आजन्म व्हावें, अशी मागणी त्यांनीं वर्षानुवर्षें लावून धरिली आहे. वाढलेल्या मुलींपैकीं कित्येकींचीं त्यांनीं लग्नें लावून दिलीं. भारत सरकारनें २०२४ सालीं त्यांस पद्मश्री दिली. वझ्झरची गोष्ट आपणांस हेंच शिकविते कीं, आधार मुदतीचा असून चालत नाहीं. अपंगत्व ज्या दिवशीं संपेल त्या दिवशींच आधार संपावा; आणि अपंगत्व संपणारें नसेल, तर आधारहि संपूं नये.

आतां सर्वांत अवघड वर्गाकडे वळूं. अंगावर चिंध्या, डोक्यांत जटा, आपल्याशींच बोलत रस्त्यानें चाललेला मनुष्य दिसला कीं मुलें त्यास ‘वेडा’ म्हणून हिणवितात, आणि मोठीं माणसें वाट बदलतात. हा मनुष्य आजारी आहे आणि त्याचा आजार औषधानें आटोक्यांत येतो, ही गोष्ट डॉ. भरत वाटवानी ह्यांनीं आपल्या कार्यानें महाराष्ट्रास दाखविली. त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता ह्यांनीं १९८८ सालीं श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान काढलें. पुढें २००६ सालीं कर्जत येथें त्याचें केंद्र झालें. रस्त्यावरच्या मनोरुग्णास तेथें आणावयाचें, न्हाऊं-जेवूं घालावयाचें, औषध द्यावयाचें, आणि तो शुद्धीवर येऊन आपल्या गांवाचें नांव सांगूं लागला कीं त्याला घरीं पोंचवावयाचें, असा त्यांचा क्रम आहे. २०१८ सालीं वाटवानींस रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. वर्षानुवर्षें मेला असें समजून ज्याचें सुतक पाळलें, तो मुलगा दारांत उभा राहिलेला पाहून त्या आईबापांस काय वाटत असेल!

परंतु ज्याला परत जावयास घरच नाहीं, किंवा घरचे लोक ज्याला दारांत घेत नाहींत, त्याचें काय? ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें आपल्या राज्याचीं प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. अशा रुग्णालयांत आजार आटोक्यांत येऊनहि केवळ जावयास जागा नाहीं म्हणून दिवस काढणारीं माणसें असतात. औषधाचें काम झालेलें असतें. उणें असतें तें घर. ह्यासंबंधीं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचें कलम १९ फार मोलाचें आहे. कोणासहि केवळ तो बेघर आहे, किंवा कुटुंबानें त्यास टाकिलें आहे, किंवा समाजांत सोय नाहीं, एवढ्याच कारणानें रुग्णालयांत ठेवूं नये, असें तें सांगतें. आणि अशांसाठीं समाजांतच लहान निवासांची सोय करण्याचें कर्तव्य शासनावर टाकतें.

अशी सोय दिसते तरी कशी? चेन्नई येथील ‘द बनियन’ ही संस्था १९९३ पासून बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठीं झटत आहे. सुमारें २०१५ पासून तिनें ‘होम अगेन’ नांवाचा एक उपक्रम चालविला. वर्षानुवर्षें संस्थेंत राहिलेल्या चार-पांच जणी आपापल्या पसंतीनें एकत्र येतात. त्यांच्यासाठीं साध्या वस्तींत, इतर चार घरांसारखेंच, एक घर भाड्यानें घेतलें जातें. स्वयंपाक काय करावयाचा, बाजार कोणी आणावयाचा, कोणत्या वेळीं झोपावयाचें, हें त्या ठरवितात. त्यांच्या सोबतीस शिकविलेली एक मदतनीस असते. ती औषधाची आठवण देते, दवाखान्यांत नेते, भांडण झाल्यास मिटविते. महाराष्ट्रांत रत्नागिरी येथेंहि ह्या संस्थेनें आपलें कार्य आणिलें आहे. ह्यालाच आधारयुक्त निवास म्हणावें. घर आधीं, आणि मनुष्याच्या गरजेइतका आधार त्या घरांत, असें त्याचें सूत्र आहे.

ह्या सर्व उदाहरणांवरून आधारयुक्त निवासाचे चार खांब आपल्यास मोजतां येतील. पहिला खांब म्हणजे योग्य बांधणीचें घर. चाकाच्या खुर्चीस पायरी म्हणजे भिंतच होय. एक फूट उंची चढावयाची असेल तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. दार सुमारें तीन फूट रुंद असावें लागतें. मोरींत व शौचकूपांत धरावयास कठडा असावा लागतो. हीं कांहीं राजवाड्याचीं लक्षणें नव्हत. बांधतांनाच ध्यानांत ठेविलें तर खर्च थोडाच वाढतो. दुसरा खांब आधार देणारें माणूस. कोणास दिवसभर सोबत लागते, कोणास आठवड्यांतून एक फेरी पुरते. आधार कमी पडला तर मनुष्य पुन्हा रस्त्यावर येतो. जास्त झाला तर त्याचें घर पुन्हा रुग्णालय होतें. तिसरा खांब काम. तें थोडें असो, हळू होवो, पण आपल्या कमाईचा एक रुपया हातांत पडल्यावांचून मनुष्यास आपण कोणी आहों असें वाटत नाहीं. चौथा खांब शेजार; आणि आजवरचा अनुभव पाहतां सर्वांत आधीं कच्चा पडणारा खांब हाच.

शासनाकडून काय मिळूं शकतें, तेंहि जाणून घेणें इष्ट आहे. २०१६ च्या अधिनियमाप्रमाणें ज्याचें अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे, अशांसाठीं शासनाच्या घरकुल व जमीनवाटपाच्या योजनांत ५ टक्के जागा राखून ठेवावयाच्या असतात, आणि त्यांतहि स्त्रियांस अग्रक्रम असतो. त्याच अधिनियमाचें पांचवें कलम सांगतें कीं, अपंगास समाजांत राहण्याचा हक्क आहे आणि अमक्याच निवासांत राहा अशी सक्ति त्याच्यावर करतां येत नाहीं. स्थानिक स्वराज्य संस्थांनीं आपल्या उत्पन्नांतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठीं खर्च करावी, असा राज्य शासनाचा दंडक आहे. आपल्या नगरपरिषदेसहि तो लागू आहे. बेघरांच्या रात्रनिवाऱ्यांसंबंधीं शहरांत एक लाख वस्तीमागें एक असा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांपासून रूढ झाला. ओझरसारख्या गांवाच्या वाट्यास ह्या हिशेबानें असा निवारा येत नाहीं. तेव्हां आपली पहिली धांव नाशिकाकडे असते. म्हणूनच येथील लोकांनीं पुढील गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

रस्त्यावर असा मनुष्य दिसल्यास प्रथम त्याच्याशीं बोलावें. नांव विचारावें, आपलें सांगावें. त्याच्या संमतीवांचून त्याच्या वस्तूंस हात लावूं नये, छायाचित्र काढूं नये, आणि घाईनें कोठें नेऊं नये. तो जखमी किंवा आजारी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तो मनोरुग्ण असून स्वतःची काळजी घेऊं शकत नसेल, तर पोलिसांस कळवावें. त्यासाठीं ११२ हा क्रमांक आहे. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम १०० प्रमाणें अशा भटकणाऱ्या व्यक्तीस संरक्षणांत घेणें हें पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. तिला कोठडींत ठेवतां येत नाहीं. २४ तासांच्या आंत सरकारी आरोग्यसंस्थेंत न्यावें लागतें. आणि ती बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून तिच्या नातलगांचा शोध घ्यावा लागतो. हें ज्यास ठाऊक आहे तो ठाण्यावर नम्रपणें पण ठामपणें बोलूं शकतो.

पुढचें काम कागदांचें. अपंगत्वाची तपासणी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयांत होते, आणि तिच्या आधारें ‘यूडीआयडी’ ह्या नांवानें ओळखलें जाणारें ओळखपत्र मिळतें. मनुष्य एखाद्या आश्रयसंस्थेंत राहात असेल, तर तेथील प्रमुखाचा दाखला पत्त्याच्या कामीं येतो. म्हणजे वर सांगितलेला फेरा येथें तुटतो. निराधार अनुदानाचा अर्ज आपल्यासाठीं निफाडच्या तहसील कचेरींत. कोठें अडचण आली तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणें अपंगास वकिलाची मदत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. अर्ज लिहून देणें, सोबत जाणें, रांगेंत उभें राहणें, तारीख ध्यानांत ठेवणें, हीं कामें वरच्या वर्गांतील विद्यार्थीहि वडील मंडळींच्या देखरेखीखालीं करूं शकतील. चार फेऱ्या ज्याला पायांच्या अभावीं अशक्य, त्या आपल्यास तितक्या अवघड नाहींत.

कोणी म्हणतील, एवढी यातायात करण्यापेक्षां सर्वांना एखाद्या मोठ्या आश्रमांत नेऊन ठेवावें, हें सोपें नाहीं काय? सोपें आहे खरें. पण कोणास सोपें? आपणांपैकीं कोणास शंभर अनोळखी माणसांबरोबर, घंटेच्या ठोक्यावर उठून, घंटेच्या ठोक्यावर जेवून जन्म काढावयास आवडेल? संकटकाळीं आश्रम हवाच. अनेकांचे प्राण त्यानेंच वांचले आहेत. पण आश्रम ही धर्मशाळेप्रमाणें वाटेवरची जागा आहे, मुक्कामाची नव्हे. दुसरा आक्षेप भीतीचा: ‘असे लोक शेजारीं आले तर आमच्या मुलाबाळांचें काय?’ ज्याच्यावर उपचार चालू आहेत, ज्याला पोटभर अन्न व झोंप मिळते, आणि ज्याच्याकडे रोज कोणी लक्ष ठेवितें, असा मनुष्य आणि रस्त्यावर उपाशी भटकणारा मनुष्य ह्यांत अंतर आहे. ज्याची भीति वाटते तो तर आजहि आपल्या ओट्यावरच निजलेला आहे. त्याला घर दिल्यानें भीति वाढत नाहीं, कमीच होते.

कायदा झाला, अनुदान आहे, औषध निघालें, सेवा करणारीं माणसेंहि आहेत. एवढें असूनहि काम अडतें तें बहुधा एका साध्या जागीं: भाड्यानें घर द्यावयास कोणी तयार होत नाहीं. घरमालक ‘विचार करून सांगतों’ म्हणतो, आळींतील लोक सह्यांचा अर्ज करतात, आणि चार माणसांचा संसार सुरू होण्यापूर्वींच मोडतो. ह्या ठिकाणीं सरकारचा हुकूम फारसा चालत नाहीं; येथें शेजाऱ्याचा शब्द चालतो. आज शाळेंत असलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक जण पुढें घरमालक होतील, कित्येक गृहसंस्थांच्या सभांस बसतील, कोणी नगरपरिषदेवर निवडून जातील. त्या दिवशीं असा अर्ज पुढें आला, तर त्यांनीं एवढेंच म्हणावें: ‘येऊं द्या त्यांना. माझ्या शेजारचीच खोली रिकामी आहे.’